बब्रुवानाच्या घरचा प्लेग

गजराच्या पोटरीला किडा चावला, तेव्हा बब्रुवानानं ठरवलं की एवढ्याशा गोष्टीला डॉक्टर नको. बस, एवढंच ठरवलं. त्यातनं पुढं सगळी गल्ली उठून रानात राहायला गेली, याला तो बिचारा काय करणार?

बब्रुवान परंड्याजवळच्या करोडगिरी नाक्यावर कारकून होता. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारची जकात. बार्शीकडनं, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातनं, येणारी प्रत्येक गाडी थांबवायची, पोत्यात हात घालायचा आणि आत काय आहे ते सांगायचं, हे त्याचं काम. वीस वर्षं हेच केल्यानं त्याची अशी समजूत झाली होती, की जगातल्या कुठल्याही वस्तूला बोट लावलं की आतला माल आपल्याला कळतो. त्यानं आपल्या सहा वर्षांच्या पोरीच्या, गजराच्या पोटरीवरच्या लाल गाठीला बोट लावलं. गजरानं बोंब ठोकली.

"आत काय न्हाय," बब्रुवान म्हणाला. "उगं सूज हाय."

"अवो, पोरगी लंगडती," त्याची बायको गिरिजाबाई म्हणाली. "परंड्याला दवाखान्यात न्या."

"किड्यासाठी दवाखाना? डॉक्टर हसंल."

"हसू द्या की. तुमाला काय आज पयल्यांदाच कोण हसणार हाय?"

(हे तिनं बोलायला नको होतं. आता प्रश्न पोटरीचा राहिला नाही, अब्रूचा झाला.)

पहिल्या दिवशी बब्रुवानानं गाठीला चुना लावला. दुसऱ्या दिवशी लिंबाचा पाला वाटून बांधला. गजरा तो पाला सोडायची आणि खराट्याची काडी घेऊन मन लावून खाजवत बसायची. तिसऱ्या दिवशी बब्रुवानाला आठवलं, की नाक्याच्या दरोगासाहेबांच्या घोड्याचा पाय सुजला होता तेव्हा त्याला जवसाचं गरमागरम पोटीस बांधलं होतं आणि घोडा दोन दिवसांत दुडक्या चालीनं पळाला होता. (त्या वेळी घोड्याला चार शिपायांनी धरलं होतं, हे मात्र आठवलं नाही.) पोटीस टेकताच गजरानं लाथ झाडली. निम्मं पोटीस तिच्या पोटरीवर राहिलं आणि निम्मं बब्रुवानाच्या मिशीत शिजत बसलं.

चौथ्या दिवशी सकाळी पोरीचं अंग तव्यासारखं तापलं. पोटरीतनं एक तांबडी रेघ वर चढली होती. गिरिजाबाईनं हात लावून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अवो, जांघंत गाठ आलीया."

ताप आणि जांघेत गाठ! लहानपणी त्यानं गावंच्या गावं ओस पडलेली पाहिली होती. त्या दुखण्याचं नाव तोंडातनं काढायचीही त्याची छाती झाली नाही. तो तसाच रजा मागायला नाक्यावर पळाला.

"रजा कशाला?" दरोगासाहेबांनी विचारलं.

"साहेब, पोरीला ताप हाय. जांघंत गाठ आलीया."

दरोगासाहेब खुर्चीवरनं उठले आणि खुर्चीच्या मागं जाऊन उभे राहिले.

"प्लेग?"

"मी तसं न्हाय म्हणालो, साहेब."

"मग प्लेग न्हाय?"

"तसंबी न्हाय म्हणालो."

"घरात मेलेला उंदीर दिसला का?"

"कालच एक दिसला. पर त्यो मांजरानं..."

मांजराचं नाव ऐकायला तिथं कुणी थांबलंच नाही. फकीर नावाचा शिपाई सायकलवर टांग टाकून डॉक्टरला आणायला सुटला, आणि वाटेत जो भेटेल त्याला ओरडून सांगत गेला.

बब्रुवान घरी पोचला तोवर गल्ली हलली होती. गुंडाप्पा तेल्यानं घाण्याचा बैल गाडीला जुंपला, बायको गाडीत घातली आणि घाईघाईत शेजाऱ्याची शेळीही घातली. नसीमबी दोन्ही बगलांत दोन कोंबड्या दाबून, तोंडाला पदर लावून निघाल्या होत्या. बब्रुवान दिसताच त्या भिंतीला चिकटून उलट्या चालत गेल्या.

घरात गजरा डोळे मिटून पडली होती. बब्रुवान तिच्या उशाशी बसला. ही पोरगी जाते आता, आणि आपल्या शहाणपणानं जाते, असं वाटून त्याला रडू फुटलं.

"गजरे, तुला काय पायजे, बाळ? मागशील ते देतो."

गजरानं डोळे उघडले. "खाजवायला काडी."

दुपारी डॉक्टर जैनोद्दीन आले. डोळ्यांपर्यंत फडकं बांधून. त्यांनी जांघेतली गाठ पाहिली, मग पोटरी पाहिली, आणि तोंडावरचं फडकं सोडून खिशात घातलं.

"हे काय थापलंय?"

"जवसाचं पोटीस, डॉक्टरसाहेब."

"कुणी सांगितलं?"

"दरोगासाहेबांच्या घोड्याला गुण आला हुता."

डॉक्टरांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "मियाँ, या पोरीला शेपूट आहे का?"

किड्याच्या चाव्यात पू झाला होता, म्हणून ताप, म्हणून जांघेत अवधाण, म्हणजे जखमेपायी सुजून आलेली गाठ. प्लेगबिग काही नाही. "पण आणखी दोन दिवस घोड्याचा इलाज चालला असता, तर पोरीचा पाय गेला असता," डॉक्टर म्हणाले. मग पाणी उकळलं, चाकू उकळला. चाकू टेकला तशी गजरा किंचाळली आणि लगेच कौतुकानं वाकून बघायला लागली.

"बाबा, केवढं निघालं बघा की!"

बाबा बघू शकले नाहीत. ते जमिनीवर आडवे झाले होते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गजराचा ताप उतरला, पाचव्या दिवशी ती पट्टी बांधलेल्या पायानं अंगणात लंगडी खेळायला लागली. पण दरोगासाहेबांनी तिकडं उस्मानाबादला कागद धाडला होता, की नाक्यावरील कारकून बब्रुवान याच्या घरी प्लेग. वर गेलेला कागद दुसरा कागद वर जाऊन खाली येईपर्यंत खोटा ठरत नाही. तोवर बब्रुवानानं उंबरा ओलांडायचा नाही, असा हुकूम आला. हुकमात नाव फक्त त्याचंच होतं, कारण नोकरीत तोच होता.

आणि गल्ली? ती रानातनं परत यायला तयार नव्हती. ज्वारी हुरड्यात आली होती. गुंडाप्पानं आगटी पेटवली होती, सगळे मांडी घालून गरम हुरडा खात होते आणि आल्यागेल्याला प्लेगची हकिकत सांगत होते.

"मी पोरीला घिऊन जाते हुरड्याला," गिरिजाबाई म्हणाली. "तुमी बसा."

बब्रुवान दिवसभर रिकाम्या गल्लीकडं बघत उंबऱ्याच्या आत बसला. दिवस कलताना गजरा आली. पण दारापर्यंत आली नाही. लांब, रस्त्याच्या पल्याड एका दगडावर तिनं हुरड्याची पुरचुंडी ठेवली आणि चार पावलं मागं सरली.

"अगं, आत ये की!"

"न्हाय," गजरा तोंडाला परकराचा काठ लावून म्हणाली. "गुंडाप्पा आजा म्हणत्यात, लांबच ऱ्हा. तुमाला प्लेग झालाय."