पाइपातला सोफा

सोफा दारात अडकला तेव्हा चष्मेवाला आत होता, आणि घराला दुसरं दार नव्हतं.

घर म्हणजे सिमेंटचा पाइप. मोठ्या गटारासाठी केलेले पाइप उरले, तेव्हा कोणा डोकेबाजाने ते एकावर एक रचले, पुढे दार, मागे खिडकी बसवली आणि भाड्याने दिले. एकट्या माणसाला शहरात याहून मोठं घर परवडत नव्हतं. दुकानात चष्म्याच्या काचा घासणाऱ्या या माणसाची तक्रारही नव्हती. फक्त भिंती गोल असल्याने कपाट कुठे टेकत नव्हतं, आणि पाहुणा कधी फिरकत नव्हता.

आज मात्र ताई राहायला येणार होती. "बसायला जागा तरी आहे का रे?" तिने फोनवर विचारलं होतं. म्हणून हा सोफा. हमाल तो दारात टाकून गेले. चष्मेवाल्याने आतून ओढला. अर्धा आत आला आणि तिथेच रुतून बसला.

"अहो, कोणी आहे का?"

"आहे का, आहे का," पाइपच विचारू लागला.

वरच्या पाइपातली नर्स खाली आली. आजवरची ओळख जिन्यातल्या "हं"पुरती.

"आत कसे गेलात?"

"मी आतच होतो. सोफा आला."

तिने ढकलला, तो आणखी घट्ट बसला. शेजारच्या बस ड्रायव्हरने ओढला. कडकन आवाज आला.

"पाय मोडला!" ड्रायव्हर ओरडला. मग घाईने, "सोफ्याचा, हो!"

ड्रायव्हरने सुताराला फोन लावला, तो जेवून येतो म्हणाला. तोवर करायचं काय? दोघं सोफ्याच्या बाहेरच्या अर्ध्यावर बसले. नर्सने चहा केला, एक कप फटीतून आत दिला.

"मला हल्ली लांबचं धुरकट दिसतं. चष्मा लागला असेल का हो?" ड्रायव्हरने फटीतून विचारलं.

"तुम्ही बस चालवता ना?" चष्मेवाला आतून म्हणाला.

"म्हणूनच विचारतोय."

नर्स इतकी हसली की चहा सांडला. त्याच वेळी टॅक्सीतून ताई उतरली. नर्सने सरकून तिला जागा दिली, आणि आतल्या भावाशी गप्पा सुरू झाल्या त्या सुताराने सोफ्याचा हात कापून तो आत सारेपर्यंत.

संध्याकाळी ताई परत निघाली. स्टेशनवर चष्मेवाला म्हणाला, "अगं, राहणार होतीस ना?"

"खरं सांगू? तुला न्यायला आले होते. आमची वरची खोली रंगवून घेतली होती. वाटलं, एकटाच कुढत बसला असशील. पण तुझ्याकडे तर केवढी माणसं! जीव भांड्यात पडला बघ. आता देऊन टाकते ती खोली कुणाला तरी."

"ताई, अगं ती माणसं..."

गाडी हलली. "काय म्हणालास?"

"पोचलीस की फोन कर."

तो परतला तेव्हा सगळी दारं लागलेली होती. सोफ्याच्या या टोकाला बसला, मग त्या टोकाला. जागा ऐसपैस होती. शेवटी उठून जिना चढला आणि दार वाजवलं.

नर्सने ओल्या केसांना टॉवेल गुंडाळत दार उघडलं. "आता काय अडकलं?"

चष्मेवाल्याने बराच विचार केला.

"काहीच नाही," तो म्हणाला. "तेच सांगायला आलो होतो."