करंगळीने पडणारा गिअर

शकीलभाऊ कुणाच्याही गाडीत बसले की आधी करंगळीने गिअर टाकून बघायचे. उरलेली चार बोटं हवेत आणि चेहरा दुखरा दात चाचपणाऱ्या माणसासारखा. आमच्या एका साहेबांना वरोऱ्याला पोचवायला निघालो, तेव्हा शववाहिकेत त्यांना पुढची जागा मिळाली. मागे साहेब निजलेले, मंडळी रडताहेत, आणि हे ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, क्लच दाब जरा." करंगळीने गिअर पडेना. "लई लंबी चाल हाये. तिसऱ्यापर्यंत जाता जाता जिता मानूस मरून जाईन!"

ऊर्जानगरात ते आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहतात. वीज केंद्रात कोळशाच्या ढिगावर बुलडोझर चालवतात, खोकतातही बुलडोझरसारखंच. आमच्याकडे दोरीवरचा पांढरा शर्ट दुपारपर्यंत पांढरा राहत नाही, आणि तिथे या माणसाने लाल स्पोर्ट्स कार पाळलेली. कुठल्याशा ठेकेदाराच्या पोराने ठोकून टाकून दिलेली, यांनी उचलून आणून उभी केली. चाळीसच्या वर मात्र कधी नेली नाही.

तरी त्यांना हवा होता शॉर्ट शिफ्टर, म्हणजे आखूड चालीचा गिअरचा दांडा. हात जरासा हलवला की गिअर पडला पाहिजे. शर्यतवाले बसवतात तो. नागपूरचा दुकानदार कपाळ बडवून सांगायचा, "भाऊ, चाल कमी केली का जोर जास्त लागते. दोन्ही कमी नाई भेटत." हे ऐकतील तर शपथ. दांडा आणायचे, करंगळी लावायचे, परत करायचे. पुढे पुढे त्यांना पाहिलं की दुकानदार आतल्या खोलीत जायचा.

"शकीलभाऊ, रिटायर व्हायला आलात. आता कोणाशी शर्यत?" मी विचारलं.

"तुले नाई समजत," ते म्हणाले.

समजलं ते ईदला, शीरखुर्मा खाताना. भाभींना लकवा होऊन उजवा हात गेल्यासारखाच होता, हे मला ठाऊक होतं. त्या हाताचं काम काय होतं ते ठाऊक नव्हतं.

"लग्न झालं तवा मले गाडी शिकाची होती," भाभी अडखळत सांगू लागल्या. "अम्मी म्हने, सुनेनं स्टेअरिंग नाई धराचं. मंग हे म्हनले, गिअरले कुठी मनाई हाये?"

तेव्हापासून यांनी क्लच दाबायचा, "दुसरा" म्हणायचं आणि शेजारी बसलेल्या भाभींनी गिअर टाकायचा. उभा संसार असा चालला. लकव्यानंतर भाभी गाडीत बसेनाशा झाल्या. घराबाहेरच पडेनाशा झाल्या. शकीलभाऊंनी हातापाया पडून पाहिलं, तर म्हणाल्या, "नुसती बसाले मी सामान हाये का?"

भाभींचा तो हात जेमतेम चार बोटांएवढा सरकायचा आणि त्यात जोर होता करंगळीएवढा.

शेवटी लेथवर काम करणाऱ्या एका खरादवाल्याला धरून, स्प्रिंगा बदलून बदलून, शकीलभाऊंनी दांडा जमवला. दुकानदाराच्याच गाडीत लावून पाहिला आणि तिथूनच मला फोनवर ओरडले, "पडला! करंगळीनं पडला!" रविवारी आपल्या गाडीला बसवायचा ठरला. भाभींनी हिरवी ओढणी काढून ठेवली.

शुक्रवारी भाभींना लकव्याचा दुसरा झटका आला. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने शकीलभाऊंसाठी पुढचं दार उघडलं, पण ते मागे चढले आणि भाभींचा हात धरून बसले. त्या गाडीचा गिअर तेवढा त्यांनी पाहिला नाही. भाभी परत आल्या नाहीत.

दांडा अजून खोक्यात पडून आहे. बसवत का नाही म्हणून मी एकदा विचारलं.

"मले काऊन पायजे?" ते म्हणाले. "माझा हात चालते ना."

परवा भर उन्हात बाजारातून येताना त्यांनी मला लाल गाडीत घेतलं. कॉलनीच्या फाटकाशी थांबलो. पहिला टाकून गाडी निघाली, त्यांनी क्लच दाबला आणि समोर बघत म्हणाले, "दुसरा."

मी चुकून हात पुढे केला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला आणि क्लच सोडला. फाटकापासून क्वार्टरपर्यंत आम्ही पहिल्याच गिअरमध्ये आलो. इंजिन ऊर फुटल्यासारखं ओरडत होतं, मागे कंपनीची बस हॉर्न देत होती, आणि शकीलभाऊंचा डावा हात त्यांच्या मांडीवर तसाच पडून होता.