सहाशे ओळींतली नऊशेवी चूक

सूनबाईच्या प्रोग्रॅममध्ये ओळी होत्या सहाशे, आणि मशीन सांगत होतं की चूक नऊशेव्या ओळीत आहे.

"बाबा, जरा इकडे या हो!" तिनं सासऱ्यांना हाक मारली. सासऱ्यांची उभी नोकरी कपाटाएवढ्या मशीनच्या खोलीत गेली होती. प्रोग्रॅम त्यांनी एकही लिहिला नव्हता, पण मशीनच्या बाबतीत घरात शब्द त्यांचाच चाले.

त्यांनी चष्मा लावला, पडदा वाचला आणि चपला काढून बाजूला ठेवल्या.

"अगं, तू अजून लिहिलंच नाहीस ते त्यानं वाचलंय!"

"थट्टा नको, बाबा. पाचच्या आत हा प्रोग्रॅम गेला नाही तर साहेब रजा रद्द करतील. मग ताईचं बाळ बघायला कोण जाणार?"

"तिकिटं काढून झालीत हं!" सासूबाई आतून गरजल्या.

"मग देऊन टाक की त्याला नऊशेवी ओळ!" सासरे म्हणाले. "एवढं मोठं मशीन, पहिल्यांदाच काहीतरी मागतंय. तू जेवून घे, मी भरतो."

"काय भरणार?"

"टिपा. त्या मशीन वाचत नाही, माणसं वाचतात."

"माणसंही नाही वाचत हो."

सासऱ्यांनी दोन बोटांनी प्रोग्रॅमच्या अगदी डोक्यावर तीनशे ओळी ठोकल्या. गार हवेचं यंत्र बंद पडलं तेव्हा अख्खं ऑफिस फायलींनी मशीनला वारा घालत होतं, ती हकिकत. मग नवं मशीन तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत घेताना मधेच अडकलं, ती.

जेवून आलेल्या सूनबाईनं प्रोग्रॅम पुन्हा चालवला. मशीन म्हणालं, चूक बाराशेव्या ओळीत.

"पुढे सरकलं!" सासरे कुजबुजले आणि खुर्चीतून उठलेच. अशा मशीनसमोर बसून राहणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं.

सूनबाई मात्र मशीननं उलट पाठवलेली प्रत खाली खाली वाचत गेली, आणि तिचाही आ वासला. डेटाबेसला विचारलेला तिचा एकेक प्रश्न मशीननं चुका तपासण्याआधीच बाजूला सारला होता, आणि त्याच्या जागी आपल्या पंधरा-पंधरा ओळींचं वऱ्हाड आणून बसवलं होतं. आकडे त्या फुगलेल्या प्रतीचे होते, तिच्या प्रोग्रॅमचे नव्हतेच! त्या प्रतीच्या बाराशेव्या ओळीत तिनंच एका रकमेला दिलेलं नाव उघडं पडलं होतं. वापरलेलं, पण वर कुठेच जाहीर न केलेलं.

तिनं ते जाहीर केलं. चुका शून्य. पाच वाजता वाजता प्रोग्रॅम रवाना झाला. टिपा काढायचं घाईत राहूनच गेलं.

बऱ्याच वेळानं साहेबांचा फोन आला.

"रजा मंजूर," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "बाई, त्या टिपा... इथे सगळा विभाग कामं टाकून वाचतोय. मशीन खिडकीत अडकलं, तिथेच संपवलंय. पुढे काय झालं?"

"ते सासऱ्यांनाच माहीत, सर."

"मग तुम्ही जा खुशाल. उद्या त्यांना इकडे पाठवा."

सूनबाईनं मागे वळून पाहिलं. सासरे पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर मन लावून इस्त्री फिरवत होते. सासूबाईंनी त्यांचं तिकीट रद्द केलं.