तळमजला ते आठवा गिअर

आपण कुठे चाललो आहोत हे माणसाला ठाऊक नसले तरी त्याचे फारसे बिघडत नाही; पण आपण कितव्या गिअरमध्ये चाललो आहोत हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे. मोराव्हियातल्या त्रेबीच गावच्या व्लास्तिमिल ह्रुशका यांना हे सत्य सत्तावन्नाव्या वर्षी उमगले. तोवर एकतीस वर्षे ते आपल्या पाच गिअरच्या लाल मोटारसायकलवर संपूर्ण अज्ञानात आणि (खेदाने नमूद करावे लागते) सुखात फिरत होते.

झाले असे, की त्या वसंतात त्यांच्या पत्नी यार्मिलाबाई मुलीच्या बाळंतपणासाठी तीन महिने ब्रनोला गेल्या. ह्रुशकासाहेब एकटे फिरू लागले, आणि का कोण जाणे, गाडी चढावर धापा टाकू लागली, सपाटीवर किंचाळू लागली. शुक्रवारी बिअरच्या टेबलावर शेजारच्या गॅरेजात गाडी ठेवणाऱ्या लुबोषने सगळ्यांदेखत विचारले, "व्लास्ता, आत्ता टेकडी कितव्यात चढलास रे?" ह्रुशकासाहेब म्हणाले, "योग्य त्यात." टेबल दहा मिनिटे हसत होते. लुबोषच्या नव्या गाडीवर गिअरचा आकडा आपोआप पेटतो, हेही त्याच दहा मिनिटांत सर्वांना कळले.

असा आकडा दुकानात तयार मिळतो. परंतु जी वस्तू घरी करता येते ती विकत आणणारा माणूस आमच्याकडे आजारी समजला जातो. शेजारी त्याच्या बायकोकडे तब्येतीची चौकशी करतात. शिवाय ह्रुशकासाहेबांच्या सतरा नंबरच्या गॅरेजात 'कधीतरी लागेल' या सदराखाली धुलाई यंत्रांच्या तीन मोटारी, जुन्या टेलिफोन केंद्रातले टक् टक् करत एकेक घर सरकणारे रिले आणि पाडलेल्या कामगार वसतिगृहाच्या लिफ्टमधली मजले दाखवणारी पाटी घंटेसकट पडून होती. ते 'कधीतरी' अखेर उजाडले होते.

रचना सोपी होती. गिअरच्या दांडीपाशी दोन बटणे. दांडी वर गेली की एक मिळवायचा, खाली आली की एक वजा करायचा. न्यूट्रलला पाटीवर 'तळमजला' पेटे आणि घंटा वाजे. (इंजिन उघडून खरा गिअर पाहण्याचीही एक पद्धत आहे, तिच्यात मोजण्यासारखे काही उरत नाही म्हणून ती बाद झाली.) एकच त्रुटी राहिली. खड्डा आला की दांडी हादरे आणि यंत्र तो हादराही गिअर म्हणून मोजे. जुलैत बाजारचौकातल्या दगडी फरशीवर गाडी आठव्या गिअरमध्ये पोचली. पाटी आठ मजल्यांचीच होती, नाहीतर प्रगती आणखी झाली असती. लुबोष शांतपणे म्हणाला, "उतर आता लेका, गच्ची आली."

ह्रुशकासाहेबांनी तीस वर्षे नगरपालिकेत पाण्याचे मीटर तपासले होते. पडताळणी नाही ते यंत्र नाही, ही त्यांची श्रद्धा. त्या रांगेतल्या गॅरेजधारकांच्या संघटनेने ठराव करून चाचणी समिती नेमली, इतिवृत्त लिहिले, सॉसेज भाजले. पण पडताळणीसाठी खरा गिअर कोणाला तरी ठाऊक असायला हवा. तो समितीत कोणालाच ठाऊक नव्हता. एव्हाना परत आलेल्या यार्मिलाबाई मात्र मागे बसून नुसत्या आवाजावरून 'तिसरा', 'चौथा' सांगत. तेव्हा त्यांना प्रमाण म्हणून बसवण्यात आले. (नियम ६: चाचणीकाळात प्रवाशाने चालकाला स्पर्श करू नये. अचूकतेला बाधा येते.)

२१२ वेळा गिअर बदलला. पैकी १३१ वेळा यंत्राचे व बाईंचे एकमत झाले. उरलेल्या ८१ नोंदींपुढे ह्रुशकासाहेबांनी 'मानवी चूक' असा शेरा मारला. मानव म्हणजे यार्मिलाबाई. मीटरवर असतो तसा पडताळणीच्या मुदतीचा शिक्काही त्यांच्यावर नव्हता.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांना एकच गोष्ट हवी होती. सप्टेंबरात लग्नाला तीस वर्षे होत होती. लग्नानंतर दोघे याच गाडीवरून मिकुलोव्हला गेले होते आणि तिथे एका घराच्या अंगणात बसून बुर्चाक, म्हणजे अर्धवट आंबलेली नवी वाइन, प्याले होते. ती वर्षातून जेमतेम चार आठवडे मिळते. यंदा त्याच अंगणात बसून पुन्हा ती प्यायची, एवढेच बाईंचे मागणे होते. ह्रुशकासाहेबांनी शब्द दिला, आणि नियम ६ त्या प्रवासालाही लागू केला.

मिकुलोव्ह नऊ किलोमीटरवर असताना चढ लागला. पाटीवर सहा पेटला होता. मागून यार्मिलाबाई म्हणाल्या, "तिसऱ्यात आहेस. एकच खाली घे." चढाला दुसरा गिअर लागतो, हे ह्रुशकासाहेबांनी चाचणीच्या तक्त्यात स्वतः लिहिले होते. सहातून दोन गेले, उरले चार. त्यांनी दांडी चारदा दाबली. दुसऱ्याच दाबाला इंजिन असे ओरडले की द्राक्षमळ्यातली पाखरे उठली, आणि साखळी तुटून रस्त्यावर पडली. पाटीवर दोनचा आकडा शांतपणे पेटलेला होता. म्हणजे गणित बरोबर होते.

लुबोष ट्रेलर घेऊन येईपर्यंत दोघे अक्रोडाच्या झाडाखाली बसले. त्या दिवशी मिकुलोव्ह झाले नाही. यार्मिलाबाई म्हणाल्या, "व्लास्ता, तीस वर्षं मी मागून माझा गुडघा तुझ्या अंगाला दाबत आले. डावा दाबला की खाली, उजवा दाबला की वर. तू बदलायचास."

"मला वाटायचं, तू प्रेमानं करतेस."

"प्रेमानंच करत होते."

ह्रुशकासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांचे बायकोवर जीवापाड प्रेम होते आणि ते त्यांना त्या क्षणी फार जाणवले. पश्चात्ताप झालेला माणूस स्वस्थ बसत नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी संघटनेकडे दुरुस्ती क्रमांक तेरा सादर केली. तिच्यानुसार सीटच्या दोन्ही बाजूंना बटणे बसवली आहेत. पत्नीचा डावा गुडघा दाबला गेला की हिरवा दिवा लागतो, उजवा दाबला गेला की पिवळा. गुडघा त्यांना जाणवतोच, पण खात्री नको का? यंत्र तयार आहे. यार्मिलाबाई अद्याप त्यावर बसलेल्या नाहीत.

वाचक हसले असतील, तर त्यांचा हक्क आहे. काल रात्री आपल्याला झोप चांगली लागली की नाही, हे त्यांनी आज सकाळी मनगटावरच्या घड्याळात पाहिलेच असेल. रात्रभर शेजारी जागे असलेल्या माणसालाही ते ठाऊक होते. पण त्याच्यावर आकडा पेटत नाही, त्यामुळे त्याला कोणी विचारले नाही.