डबीच्या डौलापायी हौसाबाईस लेकीची कुस्ती अंतरली ते वर्तमान

॥ श्री ॥ माणसाची लाज राखणारा तो, आणि वेळ आली म्हणजे माणसास त्याचीच लाज दाखवणाराही तोच. त्या विघ्नहर्त्यास आणि कुलस्वामिनीस दंडवत करोन हे वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी राज्यावर महिपतराव सरकार होते. राज्य लहान, रयत सुखी, सरकार मनाचे दयाळू. परंतु एक खोड होती की नवे यंत्र दृष्टीस पडले म्हणजे जीव थाऱ्यावर राहत नसे, आणि घेतलेले यंत्र वाईट निघाले तरी ते वाईट ऐसे आपले तोंडाने कधी म्हणत नसत.

त्या साली दूरदेशीच्या एका कंपनीने टीव्हीच्या पाठीस लावावयाची डबी काढिली. डबी बोटाएवढी, परंतु जाहिरात हत्तीएवढी. तार नको, छपरावरची छत्री नको, इंटरनेटावरून साऱ्या मुलखाचे खेळ ओढोन आणील, कोठे अडखळणार नाही, आणि तोंडाने बोलाल ते पडद्यावर हजर करील, ऐसे तीत म्हटले होते. ते पाहून सरकारांनी तत्काळ मागणी नोंदविली आणि मग रोज सकाळी देवपूजेआधी डबी कोठवर आली हे फोनात पाहू लागले. आज येते, उद्या येते करिता करिता दिवाळी सरली. डबी येण्याचे आधीच सरकारांनी केबलवाल्यास बोलावून वाड्यातील जुनी तार तोडविली. राणीसाहेब गिरजाबाई म्हणाल्या, "अहो, नवं चालतंय का ते तर आधी बघा." सरकार म्हणाले, "तुम्हांला नव्याची भीती वाटते."

डबी आली. पेटी सरकारांनी हुजऱ्यांस हात लावू न देता स्वतः उघडिली. परंतु लावू गेले तो डबी आधी नाव विचारी, मग फोन नंबर विचारी, मग पडद्यावर आकडे दाखवून म्हणे की हे दुसऱ्या यंत्रावर जाऊन लिहा, आणि ते लिहीपर्यंत आकडे बदलून जात. नव्या रिमोटास अंकांची बटणेच नव्हती, म्हणोन बातम्या कोणत्या दारी आहेत ते कोणासच सापडेना. सरकारांनी रिमोट तोंडाजवळ नेऊन मोठ्याने "कुस्ती!" ऐसे फर्माविले, तो डबीने बायकांच्या कुर्त्यांची दुकाने मांडिली. पुन्हा फर्माविले, तो आणखी कुर्त्या आल्या, रंगीबेरंगी. दरबारी लोकांनी हसू आवरिले आणि जमिनीकडे पाहिले. आणि खेळ लागला तरी ऐन रंगात चित्र थिजे, मधोमध एक वाटोळे चाक फिरू लागे, आणि सरकार त्या चाकाकडे ऐसे पाहत की जणू दटावल्याने ते पळेल. हे सर्व वाड्याच्या आत. बाहेर मात्र सरकार भेटेल त्यास सांगत, "अहो, काय यंत्र आहे! लोण्यासारखं चालतं." शेजारच्या राज्यास पत्रे गेली, त्यांतही लोणीच लिहिले. राणीसाहेबांनी एकदा विचारिले, "खरं सांगायला काय जातं?" सरकार म्हणाले, "इतकी वाट पाहून घेतलं, आता वाईट कसं म्हणू?" एवढे मात्र ते खरे बोलले.

ऐसे चालले असता राज्याच्या भाग्याने एक गोष्ट घडली. वाड्याचा दूधखाना हौसाबाई म्हणोन एक विधवा बाई सांभाळीत असे. सरकार लहानपणी तिच्या हातचे धारोष्ण दूध पिऊन वाढले, म्हणोन तिला आक्का म्हणत. तिची उतारवयात झालेली एकुलती लेक कस्तुरा तालमीत मुलग्यांबरोबर माती अंगास लावून तयार झाली होती. ती कस्तुरा दूरच्या शहरी मुलींच्या मोठ्या स्पर्धेत एकामागून एक जोडी चीत करीत शेवटच्या कुस्तीस पोहोचली. राज्यात असा मान आजवर कोणी मिळविला नव्हता. तालमीचे वस्ताद बहिर्जी यांनी जीप सज्ज केली आणि हौसाबाईस एक जागा राखिली. बाईने डिंकाचे लाडू बांधिले, ठेवणीतले लुगडे काढिले, आणि निरोप घेण्यास सरकारांकडे आली.

त्याच दिवशी सरकारांचे व्याही सुभानराव पाहुणे येणार होते. सरकारांचे मनात आले की व्याह्यांना डबी दाखवावी, तीत आपल्या राज्याची मुलगी दाखवावी, आणि पहिल्या बैठकीवर मुलीची आई बसवावी, म्हणजे शोभा तिप्पट. मग सरकार म्हणाले, "आक्का, एवढा प्रवास कशाला? तिथं लांब बसून लेक मुंगीएवढी दिसायची. इथं या, भिंतीएवढी दाखवतो. तिच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसंल."

हौसाबाई म्हणाली, "व्हय सरकार, मला ती दिसंल. पर तिला मी दिसाया नको का?"

सरकार हसले. "अहो, ती कुस्ती करील का तुमच्याकडं बघील?"

"बघती, सरकार. गादीवर पाय ठेवायच्या आधी बघती. आन् म्या दिसले न्हाई तर फोन करती, कुटं बी आसू दे."

परंतु सरकारांनी हट्ट धरिला, व्याही येणार सांगितले, राज्याचा मान सांगितला, आणि डबी अडखळते हे ठाऊक असोन ते मात्र सांगितले नाही. धन्याचा शब्द कसा मोडावा म्हणोन बाईने लाडवांचे गाठोडे वस्तादांच्या हाती दिले, आणि जीप गेली ती वळणापलीकडे दिसेनाशी होईतो उभी राहिली.

कुस्तीचा दिवस उजाडला. दिवाणखान्यात गालिचे, गाद्या, लोड, अत्तर, पाने ऐसा थाट झाला. व्याही आले, मानकरी आले, तालमीची पोरे आली, आणि पुढे मधोमध हौसाबाई अंग चोरून बसली, कारण त्या बैठकीवर ती आजवर कधी बसली नव्हती. आरंभी दुसऱ्याच कोणा मुलींची कुस्ती चालू होती. ती पाहता पाहता चित्र थिजले आणि चाक फिरू लागले. सुभानरावांनी मिशीवरून हात फिरविला. सरकार घाईने म्हणाले, "फोनांमुळं होतं हे! सगळे फोन इंटरनेट ओढतात. बंद करा सगळे आणि इथं ठेवा." तांब्याचे घंगाळ फिरविले आणि सर्वांनी आपापले फोन बंद करोन त्यात टाकिले. घंगाळ हौसाबाईपुढे आले तेव्हां तिने फोन पदराखाली घट्ट धरिला आणि म्हणाली, "सरकार, माझा ऱ्हाऊ द्या. पोरगी फोन करंल."

सरकार म्हणाले, "आक्का, लेक समोर साक्षात येणार आहे, आणि तुम्ही फोन कसला धरून बसता? तुमच्या एकीमुळं सगळ्यांचा विरस व्हायला नको."

सगळ्यांचा, ऐसे म्हटल्यावर बाईने फोन बंद केला आणि घंगाळात टाकिला.

मग खरोखर चित्र चालू झाले. सरकारांनी व्याह्यांकडे विजयाने पाहिले. कस्तुरा पडद्यावर आली, आणि दिवाणखान्यात एकच गलका उठला. हौसाबाई उठून उभी राहिली, मग लाजली आणि बसली. सलामी झाली, हातास हात भिडले. समोरची मुलगी उंच, कसलेली. तिने आरंभीच पट काढून कस्तुरास गादीबाहेर रेटिली आणि गुण घेतला. पोरे ओरडू लागली, "कस्तुरे, खाली वाक! वाक खाली!" कस्तुरा सावरली, वाकली, आणि तिने त्या मुलीचा पाय धरिला, आणि एवढ्यात पडदा काळा झाला. मग त्यावर अक्षरे उमटली की नवी आवृत्ती उतरत आहे, कृपया यंत्र बंद करू नये.

सरकारांनी बटणे दाबिली. डबी ऐकेना. सरकार रिमोटास म्हणाले, "कुस्ती!" मग गयावया करोन म्हणाले, "कुस्ती लाव, बाबा." अक्षरांखाली एक निळी रेघ मुंगीच्या चालीने पुढे सरकत होती आणि सारा दरबार त्या रेघेकडे पाहत होता. इतक्यात वाड्याबाहेरून, गल्लीच्या तोंडाशी धोंडू न्हाव्याचे दुकान आहे तेथून, आरोळी उठली. त्याच्याकडे जुनी केबल होती आणि निम्मे गाव तेथे लोटले होते. आरोळी आनंदाची की दुःखाची ते कळेना. हौसाबाई छातीशी हात धरोन विचारी, "काय झालं? माझी पोर पडली का?" कोणास ठाऊक नव्हते. मग फटाके वाजले, आणि कोणी धावत आत येऊन ओरडला, "ढाक मारली! कस्तुरानं ढाक मारून चीत केली!"

ऐसा आनंद राज्यात पूर्वी झाला नव्हता, परंतु दिवाणखान्यात कोणी हलले नाही, कारण ज्या आईने तो पाहावयाचा तिच्यासमोर निळी रेघ होती. आणि येथे सरकारांचे हातून दुसरी चूक घडली, ती पहिलीहून वाईट. व्याह्यांदेखत मान गेला तो सोसवेना, म्हणोन ते भर सभेत ओरडले, "कुणाचा तरी फोन चालू राहिला असणार! आक्का, तुमचा नक्की बंद होता का?"

राणीसाहेब उठून म्हणाल्या, "अहो!" आणि त्यांचे डोळे भरले. हौसाबाई घंगाळाशी गेली, आपला फोन शोधून काढिला आणि सर्वांना दिसेल ऐसा धरिला. बंद होता. मग तिने तो चालू केला, तो लेकीचे फोन येऊन गेल्याचे निरोप एकामागून एक वाजू लागले, आणि ते थांबतात न थांबतात तोच फोनच वाजला. बाईस कानाशी लावण्याचे सुचेना. दिवाणखाना इतका निःशब्द होता की पलीकडचा आवाज साऱ्यांनी ऐकिला. जिंकलेल्या मुलीने जिंकले ऐसे सांगितले नाही. ती रडत म्हणाली, "आई, तू बरी हाईस न्हवं? तुझा फोन का बंद? तुला काय झालंय का? वस्ताद खरं सांगंनात."

"म्या बरी हाय गं," हौसाबाई म्हणाली. "हितंच बसलिया, सरकारांच्या दिवाणखान्यात. बघत हुते तुला."

"बघितलीस? ढाक बघितलीस?"

बाईने सरकारांकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "बघितली, बाय." ती सरकारांसाठी खोटे बोलली हे सर्वांस समजले, आणि सरकारांस सर्वांआधी समजले. त्यांनी मान खाली घातली ती पाहुणे उठेपर्यंत वर केली नाही. निघते वेळी सुभानराव त्यांस बाजूला नेऊन हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडंही तीच डबी आहे. तशीच थिजते. आम्हीही कुणाला सांगितलं नाही." याने सरकारांस धीर यावा, परंतु उलट झाले. मी खोटी स्तुती केली ती वाचून किती जणांनी डबी घेतली असेल, ऐसे मनात येऊन ते अधिकच खचले.

दुसरे दिवशी सकाळी सरकार एकटेच दूधखान्यात गेले. हौसाबाई म्हशीखाली बसली होती. सरकार शेणात उभे राहिले आणि म्हणाले, "आक्का, ती अडखळते हे मला ठाऊक होतं."

धार थांबली. "ठावं हुतं?"

"हो. आणि वरून तुमच्यावर आळ घेतला."

बाईने म्हशीच्या अंगावरून हात फिरविला. मग म्हणाली, "धनी, म्हशीला नवा माणूस सोसंना. जरा भाईर थांबा." आणि पुन्हा धार काढू लागली. सरकार बाहेर थांबले, परंतु तिने आत बोलाविले नाही. शेवटी सरकार परत गेले.

पुढे सरकारांस वाटले की निदान ती कुस्ती बाईस पुन्हा दाखवावी. डबीत ती आता जतन होती आणि नवी आवृत्ती उतरल्यापासून डबी खरोखर लोण्यासारखी चालू लागली होती. बाईस बोलाविले; ती धन्याच्या शब्दाखातर आली. या वेळी व्याही नव्हते, मानकरी नव्हते. सरकार, राणीसाहेब आणि हौसाबाई, एवढेच. चित्र लागले, आणि त्यात कुस्तीच्या आधीचा जो भाग चित्र थिजल्याने कोणी पाहिला नव्हता तोही निघाला. कस्तुरा गादीच्या कडेशी उभी, नजर बैठकांवरून फिरते आहे. मग वस्तादांच्या हातून फोन घेते, कानाशी धरते, वाट पाहते, पुन्हा लावते. वस्ताद मान हलवितात. ती काही विचारते, ते खांद्यावर थोपटतात. ती डोळे पुसते आणि गादीवर पाय ठेविते. चित्र कोठे अडखळले नाही, थिजले नाही. तिच्या पापणीवरचे पाणीसुद्धा स्वच्छ दिसले, आणि सरकार हातात रिमोट असोन ते थांबवू शकले नाहीत, कारण थांबविणे म्हणजे आणखी एकदा लपविणे. मग ढाक झाली, मुलगी चीत झाली, आणि हौसाबाई हसली, रडली, पदराने तोंड पुसले. निघते वेळी म्हणाली, "चित्र लई झ्याक हाय, सरकार." तिने टोमणा मारिला नव्हता, खरेच सांगितले होते. त्या रात्री सरकार जेवले नाहीत.

मग सरकारांनी आपल्या हाताने शेजारच्या राज्यांस पत्रे लिहिली की मी डबीची जी स्तुती केली ती खोटी होती, ती अडखळत असे, आणि मी लाजेस्तव लपविले. काहींनी उत्तरे दिली, काहींनी दिली नाहीत. केबलची तार पुन्हा जोडविली नाही; राणीसाहेब जोडा म्हणाल्या, तेव्हां सरकार म्हणाले, "तारेनं काय होणार आता?"

फाल्गुन मासी कस्तुराची दुसरी मोठी कुस्ती होती. त्या वेळी बाईने निरोप घेण्यास येण्याआधीच सरकारांनी आपली गाडी दूधखान्याशी उभी केली आणि आपण घरी राहिले. बाई परतली तेव्हां सरकार वेशीवर उभे होते. विचारिले, "आक्का, कशी झाली?"

हौसाबाई म्हणाली, "पडली, सरकार. चांगलीच पडली. उठल्याबरुबर माझ्याकडं बघून हसली."

सरकार "बरं झालं" म्हणाले, ते जमिनीकडे पाहून म्हणाले, आणि गाडीतून बाईचे गाठोडे स्वतः उतरवून दूधखान्यापर्यंत नेले. बाईने नेऊ दिले.

सारांश, यंत्र नवे होते, ते पुढे सुधारले. कुस्ती हरली-जिंकली, ती पुढेही होईल. परंतु लेक आईस शोधीत होती तो एक क्षण गेला, आणि तो घालविणारा राज्याचा धनी होता. दुष्ट नव्हता, केवळ आपली निवड चुकली हे म्हणवत नव्हते. इति वर्तमान. वाचणाराने हसावे, परंतु हळू.