लिफ्टमधली परीक्षा

लिफ्टमध्ये लहान मूल शिरलं की जाधवकाका भिंतीवरच्या 'धूम्रपान निषेध'वर बोट ठेवतात. "जवान, वाच! जोरात!" मजला येईपर्यंत सुटका नाही. जगतपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत बालवाडीतली पोरं धापा टाकत जिने चढतात, ती काही व्यायामासाठी नव्हे.

काका साताऱ्याकडचे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मुलगा इथे हिंदी मुलखात नोकरीला, म्हणून तेही इथे, नात ओवीच्या सोबतीला. मिशी मात्र अजून ड्यूटीवर. दूधवाला असो की इस्त्रीवाला, काकांचा सवाल ठरलेला. "भैया, आपका बच्चा पढता क्या? अटकता किधर?" कुणी घडाघडा वाचलं तर "शाब्बास" म्हणायचे, पण पडेल आवाजात. मला वाटायचं, या माणसाचं समाधान म्हणून होत नाही.

पाच-सहा वर्षांच्या लेकरांना एकमेकांशी तोलणं हा उघड अन्याय आहे. तसं मी पत्रकांत लिहिते, शाळांच्या फाटकांवर उभी राहून ती पत्रकं वाटते. आणि माझ्याच लिफ्टमध्ये हा छळ! परवा वरच्या मजल्यावरचा अंशू रडत बाहेर पडला. मी तडक काकांची बेल वाजवली.

"काका, लाज वाटायला हवी तुम्हाला!"

"आत तर ये, पोरी. दारात कशाला भांडतीस?"

"अंशूपेक्षा तुमची ओवी हुशार, हेच दाखवायचंय ना सगळ्यांना?"

मी आत जाऊन सोफ्यावर बसले, तशी काकांनी आतल्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं. परेडवर गाजलेला तो आवाज इतका खाली आला की मला पुढे वाकावं लागलं.

"ओवीला न्हाई येत गं वाचाया. पहिलीत हाय, पण एक अक्षर लागत न्हाई. मॅडम वर्गात म्हणाल्या, सगळ्यांना येतं, तुलाच कसं येत न्हाई? तवापासनं रोज सकाळी रडती. मी म्हणलं, सगळ्यांना कसं येईल? एखादं तरी असंल तिच्यासारखं. दोघं मिळून बसतील. तेच हुडकतोय."

"मग?"

"सगळेच वाचत्यात की लेकाचे!"

आख्खं भाषण तयार करून आले होते. ते तसंच गुंडाळलं.

"काका, मला तिसरीत गेल्यावर वाचता यायला लागलं."

"खोटं!"

"आईला फोन लावू?"

फोनसाठी थांबायचा धीर कुणाला होता! काकांनी आतलं दार धाडकन उघडलं. "ओवे, भाईर ये! पळत ये! घावली एक!"

ओवी आली आणि मला खालून वरपर्यंत न्याहाळू लागली.

"मतलब, तुला पण नव्हतं येत?"

"काहीच नव्हतं येत."

"सगळे हसायचे?"

"सगळे."

ती सोफ्यावर मला अगदी खेटून बसली. काका बाहेरच्या दारात उभे होते, दोन्ही हात चौकटीला लावून, मी निघून जाईन या भीतीने वाट अडवून.