हौदातला ध्रुवीय महासागर

समुद्राचा निःपक्षपाती अभ्यास फक्त समुद्र नसलेल्या जिल्ह्यातच होऊ शकतो. किनाऱ्यावरचा माणूस शेवटी आपल्या समुद्राची बाजू घेतो. नांदुऱ्यापासून आठ मैलांवरच्या एका गावात समुद्र दोघांनीच पाहिला होता (त्यातल्या एकानं कॅलेंडरवर).

तरी १९६३ च्या एप्रिलात, ध्रुवीय समुद्राच्या तळाशी काय चालतं यावरून तिथं पैज लागली. दोष रेडिओचा. ग्रामपंचायतीच्या रेडिओनं बाजारभाव संपल्यावर सांगितलं की, ध्रुवाकडं पाणी गोठताना बर्फ मीठ मागं टाकतो. उरलेलं थंड, खारट पाणी जड होऊन तळाला बसतं, तळातळानं सरकत जातं आणि शेकडो वर्षांनी, हजारो मैलांवर वर येतं.

"लबाड हाय," पंजाबराव म्हणाले. साठ एकरांचे धनी, धोतराला इस्त्री. "बर्फ वर तरंगते. मंग थंड पाणी खाली काऊन जाईन?"

"जाते म्हनते ना रेडिओ," शेजारचा उकंडराव म्हणाला. हा भाजीपाला पिकवी. माणसांना पैजेत पाडणं हा त्याचा जोडधंदा.

"रेडिओ बॅटरीवर बोलते. मी जबाबदारीनं बोलतो."

"मंग लावा पैज, भाऊ."

अट अशी ठरली की, हरणाऱ्यानं बुधवारच्या बाजारातून, भर गर्दीत, डोक्यावर घागर नेऊन जिंकणाऱ्याच्या घरचा रांजण भरायचा. पंजाबराव लगेच हो म्हणाले. ग्रामपंचायतीची निवडणूक महिन्यावर होती, त्यांना सरपंच व्हायचं होतं आणि ऐकणारे पंधरा मतदार होते. घरी जाताना मात्र त्यांच्या ध्यानात आलं की, पन्नास वर्षांत आपण डोक्यावर घेतलेलं पाणी फक्त अंघोळीचं आहे (तेही दुसऱ्यानं काढून दिलेलं).

ध्रुवीय जल चौकशी समिती नेमण्यात आली. समुद्र पाहिलेले दोन, पोहता येणारा एक आणि स्वतःचं मत नसलेले दोन. शेवटच्या दोघांवर सगळ्यांचा विश्वास होता. विहिरीजवळच्या हौदाला एक दिवसापुरता महासागराचा दर्जा मिळाला आणि बैलांना दुपारपर्यंत मनाई झाली. खामगावहून एसटीनं, भुशात गुंडाळून बर्फ आणला. निघाला दहा किलो, पोचला अडीच. बाकीचा साडेसात किलो विनातिकीट बसला होता, तो वाटेतच उतरला.

बर्फाच्या पाण्यात मीठ आणि कपड्याची नीळ कालवून ते पाणी हौदाच्या कोपऱ्यात हळूच सोडलं. निळं पाणी मुकाट खाली गेलं, फरशीवर पसरलं आणि समोरच्या भिंतीकडं निघालं. पंजाबरावांनी धोतराच्या सोग्यानं कपाळाचा घाम पुसला.

"हे मिठानं बुडलं," ते म्हणाले. "थंडीचा काय संबंध? अन् हा पाहा बर्फ, तरंगून राह्यला."

समिती पेचात पडली. ग्रामसेवकानं ठराव लिहिला: दोन्ही पक्षांचं म्हणणं योग्य दिसत असल्यानं प्रकरण अभिप्रायासाठी वरच्या कचेरीत पाठवावं. पंजाबरावांचा घाम वाळला. कागद एकदा वर गेला की तळाला बसतो, तळातळानं टेबलं पार करतो आणि वर येईस्तोवर अर्जदाराचा नातू पेन्शनीत निघतो. हे अभिसरण त्यांना रेडिओशिवाय ठाऊक होतं.

तेवढ्यात दोन घागरी घेऊन झुंबरबाई आल्या. या पंजाबरावांच्या पत्नी.

"हौदात नीळ कोनं टाकली?"

त्यांना सगळं सांगण्यात आलं.

"याच्यासाठी खामगावचा बर्फ?" त्या म्हणाल्या. "आपल्या रांजनात कोन मीठ टाकते जी? थंड झालेलं पानी खाली बसते, वरचं कोमट राह्यते. म्हनून तर बावीस वर्सं खांद्यापर्यंत हात घालून तुम्हाले तळाचं काढून देऊन राह्यली मी."

"मले कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी इचारलं?"

समितीनं पंजाबरावांच्या घरी जाऊन वरचा एक तांब्या आणि तळाचा एक तांब्या तपासला. मत नसलेले दोघं दोन्ही तांब्यांतलं पाणी प्यायले आणि दोघांनाही आयुष्यात पहिल्यांदा मत आलं. एकच. ठराव फाडण्यात आला. साक्षीदार उमेदवाराच्याच घरची असल्यानं हरकत घ्यायला जागा उरली नव्हती.

बुधवारी झुंबरबाईंनी स्वतः चुंबळ वळून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली, वर घागर चढवली. पंजाबराव मिरचीवाल्यांमधून निघाले. इस्त्रीचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं.

"भाऊ, सांडू नका," मागून उकंडराव म्हणाला, "समुद्र कमी होईन."

रांजण सात खेपांत भरला (बायकांच्या हिशेबानं चार). उकंडरावची बायको रुक्मिणीबाई दारातून म्हणाली, "रोज अशीच आनत असान, भाऊजी, तं मत तुम्हालेच." आजूबाजूच्या बाया यावर हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या, आणि पंजाबरावांना पुन्हा घाम सुटला.

पुरुष मात्र पोट धरून हसले. उकंडराव तर ओट्यावर लोळला. हसून हसून सगळ्यांचे घसे कोरडे पडले, तेव्हा प्रत्येकानं आपापल्या घरी जाऊन, बसल्या जागेवरून, पाणी मागितलं.

(वाचकही इथवर हसत आला असेल. त्यानं शेजारचा पेला उचलण्याआधी तो कोणी भरून ठेवला, एवढं आठवून पाहावं. रांजण आणि बुधवार गावात अजून आहेत.)